नवा आय-सेव्हन म्हणून २०११ चा प्रोसेसर गळ्यात मारला, इंदूरकरांनो बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या

आठ दिवस लिहू की नको चाललं होतं. आमचे हे म्हणतात कशाला जगजाहीर करतेस, लोक हसतील. हसू देत. माझे ३५,५०० रुपये गेलेत आणि त्याच दुकानात आज पण कोणीतरी बसलं असेल.

मी रामबागेत राहते, घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्नचं काम करते. टॅली, एक्सेल, ब्राउझर, प्रिंटर, बस्स. २०१८ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर होता, इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), आठ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून स्क्रीनवर सारखे मेसेज. माझ्याकडे लोकांचे पॅन नंबर, पासवर्ड, त्यामुळे मी घाबरले हे खरं आहे, आणि माझ्या जागी कोणीही घाबरलं असतं. नोव्हेंबरमध्ये कॅबिनेट रिक्षात टाकून राजवाड्यापासून फार लांब नाही अशा एका दुकानात नेलं. दुकान मोठं, काचेचं, गर्दी भरपूर. फुटपाथवरच्या माणसाकडे मी गेले नव्हते.

दुकानदाराने मायक्रोसॉफ्टचं ते विंडोज ११ चालेल का हे तपासणारं हेल्थ चेक चालवलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली, "देखिए मैडमजी, विंडोज ११ नहीं चलेगी, प्रोसेसर पुराना हो गया." खाली यादी होती आणि ती मी वाचली, हेच मला खातंय. यादीत प्रोसेसरपुढे हिरवी खूण होती! सपोर्टेड आहे असं स्वच्छ लिहिलेलं. तक्रार फक्त टीपीएमची, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षेच्या सोयीची होती. मी विचारलं पण, की प्रोसेसरला तर हिरवं दिसतंय? तो म्हणाला, "वो तो सबको दिखाता है." आणि विंडो बंद केली. माझ्या हातात माउस असता तर परत उघडून बघितलं असतं, पण माझ्या हातात तोवर चहाचा कप दिला होता. नंतर कळलं की विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनपासून (पिढीपासून) पुढचा प्रोसेसर चालतो, आणि माझा आठवाच होता. टीपीएम मशीनमध्येच असतं, इंटेल त्याला पीटीटी म्हणतं, माझ्या मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते फक्त बंद होतं. ते चालू करायचं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून खूप वेगवान डिस्क) टाकायची, एवढंच काम होतं. मशीन हळू होतं ते हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसर बिचारा बसून असायचा.

त्याने दिलं काय, तर "बारहवीं जनरेशन आय-सेव्हन, दस साल देखना नहीं पड़ेगा", ३८,५०० रुपये. जुन्याचे एक्सचेंजमध्ये ३,००० कापले. १०,००० मी यूपीआयने दिले आणि २५,५०० रोख. रोख का, तर पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर, म्हणजे ६,९३० जास्त. आता सांगते, मी दिवसभर दुसऱ्यांना हेच बजावते की कच्च्या बिलावर माल घेऊ नका, आणि मीच ६,९३० रुपयांसाठी कच्चं बिल घेतलं. बिलावर लिहिलंय "असेंबल्ड सेट आय-७, १ नग". मॉडेल नाही, सिरीयल नाही, जीएसटी नंबर नाही. लाज वाटते. पण दिवाळीत घरात खर्च झालेला होता, मुलीची फी भरायची होती, सात हजार रुपये हातचे सोडवत नाहीत.

दुकानात स्क्रीनवर आय-सेव्हन १२७०० असंच दिसत होतं, विंडोज ११ पण चालत होती. घरी आल्यावर महिनाभर ठीक. मग अपडेट अडकायला लागले, पंखा आवाज करायला लागला. पुण्याहून भाचा आला होता, त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि विचारलं, "मावशी, हा बारावा आहे असं कोण म्हणालं तुला?" १२७०० मध्ये १२ कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि २० थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) असतात, इथे ४ आणि ८. रॅमचा स्पीड १३३३, म्हणजे डीडीआर३ च्या जमान्यातला. बायोसची तारीख २०१२, आणि १२७०० बाजारात आला २०२२ च्या जानेवारीत! प्रोसेसर ओळखणारा सीपीयू-झेड प्रोग्राम टाकला तर खरं नाव निघालं, आय-सेव्हन २६००, २०११ चा. विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे तिच्या आतल्या नोंदवहीतून दाखवते, ते बदलता येतं, आणि मशीन सुरू होताना ते परत खरं होतं म्हणून त्यांनी स्टार्टअपमध्ये एक फाइल लपवली होती जी दर वेळी खोटं नाव लिहायची. म्हणजे चूक नाही ही, ठरवून केलेलं आहे. विंडोज ११ सुद्धा तपासणी चुकवून घुसवलेली. ओळखीच्या मेकॅनिकने ३०० रुपये घेऊन उघडून बघितलं आणि म्हणाला, असा सेट जुन्या बाजारात नऊ-दहा हजारांत मिळतो. माझा आय-फाइव्ह यापेक्षा सहा वर्षं नवीन आणि जास्त वेगवान होता. तो मी तीन हजारात देऊन आले.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा फक्त दर्जा आहे, वय नाही. वय पुढच्या आकड्यात असतं, ८४०० म्हणजे आठवं, १२७०० म्हणजे बारावं, २६०० म्हणजे दुसरं. नुसतं "आय-सेव्हन" म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

दुकानदाराने हात वर केले, "हमारे यहाँ का नहीं है ये, बिल दिखाइए." ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "सामान मिला कि नहीं मिला? मिला ना, तो धोखाधड़ी कैसे?" मी भाच्याने काढलेले फोटो दाखवले, ती लपवलेली फाइल दाखवली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे हे पण सांगितलं, तर म्हणाले सायबरवाल्यांकडे जा, कॉम्प्युटरचं आहे. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन पैसे गेले नाहीत, दुकानातला व्यवहार आहे, ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. चार चकरा, तीन अर्ज, पावती एकाचीही नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, २१ दिवसांनी एक फोन आला, "मैडम समझौता हो गया ना?" मी म्हटलं नाही झाला, तरी संध्याकाळी मेसेज, तक्रार निराकृत. काय निराकरण झालं? कोणी दुकानाची पायरी तरी चढलं का? मी वेळेवर टॅक्स भरते, दुसऱ्यांचा भरायला लावते, आणि एका माणसाने उघड उघड जीएसटी चुकवून चोरीचा धंदा मांडलाय तर त्याला विचारायला कोणी नाही!

आता ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. यूपीआयचे ते १०,००० हाच माझा पुरावा, म्हणून निदान पैसे सगळे खात्यातून द्या. पैसे देण्याआधी मशीन बंद करून चालू करा आणि पहिल्या बायोसच्या स्क्रीनवरचं नाव स्वतः वाचा, तेव्हा चहा नको.

आणि ज्यांचं काम माझ्यासारखं आहे त्यांनी नवीन प्रोसेसर घेऊच नये आत्ता. आधी एसएसडी, मेकॅनिकने ५०० जीबीचे २,६०० सांगितले होते. ज्यांचं मशीन खरंच आठव्याच्या आधीचं आहे त्यांना पण घाई नाही, विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. हे मला त्या दिवशी एकाने सांगायला हवं होतं.

सगळ्यात वाईट मी अजून लिहिलं नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क तशीच गेली. त्याने "डेटा कॉपी कर दिया" म्हणून पेन ड्राइव्ह दिला आणि मी मानलं. १४ जणांना फोन करून पासवर्ड बदलायला सांगितले, त्यातले दोघं आता माझ्याकडे काम देत नाहीत. काळं कॅबिनेट आहे, समोर डाव्या बाजूला लहान गणपतीचा स्टिकर, आत आय-फाइव्ह ८४००. इंदुरात कोणी जुनं म्हणून विकत घेतलं असेल तर कॉम्प्युटर तुम्हीच ठेवा, मला फक्त ती डिस्क द्या, तिचे पैसे मी देते.