राष्ट्राध्यक्षाला घटनेचा लगाम की बहुमताचा कौल? मी कुठे झुकलो

संसद, सरकार, न्यायालय हे तीन खांब आणि त्यांनी एकमेकांवर ठेवायचा वचक (चेक्स अँड बॅलन्सेस) वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. प्रश्न एवढाच की लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला घटनेने अडवावं का.

आधी बहुमताची बाजू, कारण ती मलाही बरीच वर्षं पटायची. इथे अमेरिकेत 2000 आणि 2016 ला देशभरात कमी मतं पडलेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. वायोमिंगची वस्ती सहा लाखही नाही, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास, आणि सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन्ही राज्यांचे सदस्य दोन-दोनच. डोक्यात जातंच हे. वर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश तहहयात. मग मत द्यायचं कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे धड उत्तर नाही.

माझा काटा फिरला तो आमच्या मंडळाच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, हसू नका. अध्यक्षाला सलग दोनच टर्म असा बायलॉ, म्हणजे मंडळाचा लेखी नियम, होता. माणूस कामाचा, गणपती दणक्यात करायचा. शाळेच्या कॅफेटेरियात मीटिंग, मागे वड्यांची रांग लागलेली, आणि माइकवरून आलं, ही अट काढायला कुणाची हरकत नाही ना, हात वर करा. निम्म्या लोकांच्या एका हातात प्लेट, दुसरा वर. माझाही होता. पुढच्या वर्षी हॉलच्या खर्चाचा हिशोब मागितला तर उत्तर काय, तर तुम्हीच निवडून दिलंय ना! अट काढायला दोन मिनिटं लागली, परत आणता येत नाहीये कारण अजेंडा ठरवतात अध्यक्ष.

हेच देशाच्या मापात बघायचं तर मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. मे 2021 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या पक्षाचं बहुमत संसदेत बसलं आणि पहिल्याच दिवशी घटनापीठाचे न्यायाधीश काढले, सप्टेंबरमध्ये नव्या न्यायाधीशांनी बुकेले यांना लगेच पुन्हा उभं राहायची मुभा दिली, 2024 ला ते जिंकले आणि 2025 मध्ये 57 विरुद्ध 3 मतांनी टर्मची मर्यादाच गेली. लोकांना ते मनापासून हवेत हे मान्य, टोळ्यांचा त्रास काय होता ते त्यांनी भोगलंय, इथे बसून मी त्यांना शिकवू नये. पण उद्या नको झाले तर?

याउलट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. 1936 ला 48 पैकी 46 राज्यं खिशात, आणि 1937 ला सुप्रीम कोर्टात आपल्या बाजूचे जादा न्यायाधीश भरायचा बेत. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचं भक्कम बहुमत, तरी तिथेच तो बेत गुंडाळला गेला. पुढे ते चौथ्यांदाही निवडून आले, मग 1951 मध्ये राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्म अशी घटनादुरुस्ती झाली. म्हणजे लगामही शेवटी लोकांनी निवडलेल्यांनीच घातला, फक्त त्याला तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागली, वड्याच्या रांगेत नाही झालं ते. कोर्टाचा लगामही चालतो: 1952 ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या भीतीने पोलाद कारखाने ताब्यात घेतले, कोर्टाने 6-3 ने परत करायला लावले.

तुमच्याकडे कामं वर्षानुवर्षं अडून असतील तर बहुमताकडे ओढ वाटेल, चूक नाही म्हणणार. मला मात्र अडलेलं काम चालेल.

ऑक्टोबरच्या एजीएमसाठी दोन ओळींचा ठराव परत पाठवलाय, आणि सोबत विनंती की मतदान जेवणाआधी घ्या.