बाल्साची विमानं: आठ महिने, तीन मॉडेलं

आठ महिन्यांत बाल्साची तीन विमानं बांधून झाली. पहिलं शोभेचं ठरलं, दुसरं मोडलं, तिसरं उडतंय. हे लाकूड पिसासारखं हलकं असतं, असं सगळीकडे वाचलं होतं आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. तिथेच फसलो.

तिन्ही वेळा विमान एकच निवडलं, पायपर जे-३ कब हे छोटं अमेरिकन विमान. पंख डोक्यावर, अंग पेटीसारखं, गोलाई जवळजवळ नाहीच. खऱ्या कबचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७ मीटर, माझ्या मॉडेलचे ३३ सेंटीमीटर. रबराच्या पिळावर उडणाऱ्या एवढ्या छोट्या मॉडेलांना 'पीनट' म्हणतात. सामान थोडकंच लागतं: पातळ शीट, टिश्यू पेपर, रबर, प्लास्टिकचा पंखा. हत्यारं म्हणजे ब्लेड, टाचण्या आणि सँडपेपर. या छंदात खिशापेक्षा संयमाला जास्त भुर्दंड पडतो.

पहिलं विमान तयार किटमधलं. त्यातले भाग ठशाने कापलेले होते, म्हणजे कापलेले कमी आणि चेंगरलेले जास्त. सुटे करताना पंखांना आकार देणाऱ्या निम्म्या फासळ्या तुटल्या. त्या भरपूर गोंद लावून सांधल्या आणि वर रंगाचे दोन हात दिले. रबर न घालताच वजन भरलं २४ ग्रॅम. हातातून सोडलं की सरळ गवतात. पंखा फिरायला लागला की फक्त जास्त वेगाने गवतात.

त्यानंतर अर्धा ग्रॅमही दाखवणारा छोटा काटा घेतला. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत शहाणपणाची खरेदी तीच. दीड मिलिमीटर जाडीच्या, अगदी एकाच मापाच्या पाच शीट तोलल्या. सर्वांत हलकी ११ ग्रॅमची, सर्वांत जड २३ ग्रॅमची! दिसायला सख्ख्या बहिणी. बाल्साचं झाड झपाट्याने वाढतं आणि लाकडाची घनता झाडागणिक बदलते. घनमीटरला १०० किलोपासून २०० किलोच्या पुढेही जाते. त्यामुळे 'बाल्सा हलका असतो' हे वाक्य अर्धवट आहे. हलका बाल्सा हलका असतो, आणि तो निवडून घ्यावा लागतो.

निवडताना रेषाही पाहायच्या. नुसत्या लांब, सरळ रेषा दिसणारी शीट आडवी सहज वाकते. गोलाईवर मढवायला ती चांगली. जिच्यावर चमकदार ठिपके दिसतात ती ताठ असते, वाकवली तर तडकते. फासळ्यांना तीच हवी. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं.

दुसरं विमान शीटमधून स्वतः कापलं. ते बरंच हलकं झालं, पण शेपटीने घात केला. सांगाड्यावर टिश्यू चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा फवारा मारतात. वाळताना कागद ताणला जातो आणि सुरकुत्या जातात. मी उत्साहाच्या भरात वर डोपही, म्हणजे कागद ताठ करणारा वॉर्निशसारखा लेप, जाड लावला. सकाळी बघतो तर शेपूट होडीसारखी वाकलेली. ती सरळ करायला पट्ट्या जोडल्या, मग त्या पट्ट्यांना तोलायला नाकात शिसं भरलं. कबचं नाक आखूड असल्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे जवळपास तीन ग्रॅम घालावे लागतात. पाचव्या उड्डाणात ते भिंतीवर आदळलं आणि माझी त्यातून सुटका झाली.

तिसऱ्याच्या वेळी मागच्या बाजूला सर्वांत हलक्या शीटच्या पट्ट्या वापरल्या. पांढरा गोंद पाणी घालून पातळ केला आणि टाचणीच्या टोकाने थेंबाथेंबाने लावला. झटपट चिकटणाऱ्या सायनोला रामराम. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, आणि माझी बोटं विमानापेक्षा एकमेकांनाच जास्त चिकटायची. रंग दिलाच नाही, पिवळाच टिश्यू घेतला. शेपटीचा टिश्यू आधी चौकटीवर ताणून, भिजवून, वाळवून मगच चिकटवला. वजन ११ ग्रॅम. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर तोल साधला, आणि हातातून सोडल्यावर ते तरंगत लांब गेलं तेव्हा मी चक्क ओरडलो.

पिळलेल्या रबराची युक्ती जुनीच आहे. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनोने याच पद्धतीने एक मॉडेल ११ सेकंद उडवलं होतं. पंखा एकीकडे फिरला की अंग दुसरीकडे कलतं, हा जाच मात्र त्यातून सुटत नाही. माझं विमान डावीकडे गिरकी घेत खाली यायचं. नाकातल्या ठोकळ्यामागे कार्डाचा बारीक तुकडा सरकवून पंख्याचं तोंड किंचित उजवीकडे आणि खाली वळवलं, तेव्हा ते मोठ्या वर्तुळात फिरू लागलं. रबराला सिलिकॉन तेल लावून, लांब ताणून पीळ दिला तर कितीतरी जास्त फेरे बसतात. सध्या २५ सेकंदांपर्यंत मजल जाते.

तक्रार एकच उरली आहे: दमट हवेत पंख पिळवटतात. वाफेवर धरून, हाताने उलटा पीळ देऊन, गार होईपर्यंत तसेच धरून ठेवले की सरळ होतात, आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा वाकडे.

पहिलं २४ ग्रॅमवालं भिंतीवर टांगलंय. घरी येणारा प्रत्येकजण त्याचंच कौतुक करतो. रंग छान दिलाय म्हणे.