नो-ड्रिल कॉर्नर रॅक, दहा महिन्यांनंतर: डब्यावरच्या चित्रातल्या भिंतीला सांधेच नाहीत

आषाढात एका रात्री पावणेतीनला मोरीत धाडकन आवाज झाला. नवरा म्हणाला, मांजर. सासूबाई म्हणाल्या, गीझर. मला मात्र न बघताच कळलं, रॅक पडला. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा पडला तो जानेवारीत. तेव्हा खोबरेल तेल गोठलेलं होतं, बूच उडालं तरी थेंब सांडला नाही. आषाढात तेल पातळ. पाव लिटर तेल फरशीवर, आणि आमच्या आई पहाटे पाचला आंघोळीला उठणार. रात्री तीन वाजता मी मोरीत उकिडवी बसून बेसन टाकून तेल टिपत होते. हा रिव्ह्यू त्याच रात्री लिहायला हवा होता, पण तेव्हा लिहिला असता तर फक्त शिव्या झाल्या असत्या.

रॅक कसला ते सगळ्यांना माहीत आहे: स्टीलचा, तिकोनी, मागे पारदर्शक स्टिकर, खाली चार हुक. दोनचा सेट 549 रुपयांना. आम्ही डोंबिवलीत, भाड्याच्या 1 बीएचकेत. मोरी चार बाय साडेपाच फूट, त्यात एक कोपरा पाण्याच्या पिंपाने अडवलेला. घरमालकांनी चावी देतानाच बजावलेलं, टाइल्सना ड्रिल लावायचं नाही. डिपॉझिट त्यांच्याकडे, तेव्हा वादच नाही. माझ्या आजोळी मोरीच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात शिकेकाईचा डबा, वज्री, साबण सगळं मावायचं. बिल्डरांनी कोनाडे बंद केले आणि आता आपण तेच ऑनलाइन मागवतो.

डब्यावर लिहिलंय, 10 किलो वजन पेलतो. पडल्यावर मी रॅकवरचं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. शाम्पूची मोठी बाटली, कंडिशनर, तेल, लिक्विड डिटर्जंट, मुलाचा पावडरचा डबा. एकूण 3 किलो 850 ग्रॅम. दहा किलो म्हणजे तांदळाची पिशवी. रॅकवर कोणी तांदूळ ठेवत नाही हे मान्य, पण चार किलोच्या आत मान टाकायची म्हणजे काय!

जानेवारीत कस्टमर केअरला कळवलं. रिटर्नचे 7 दिवस कधीच संपले होते. वॉरंटी गंजावर आहे, स्टिकरवर नाही, असं कळलं. मी सोडत नाही म्हटल्यावर पुढचा मेसेज आला: रॅक पडतानाचा व्हिडिओ पाठवा. म्हणजे मी रोज रात्री मोबाइल रोखून मोरीत बसायचं आणि रॅकला म्हणायचं, पड बाबा आता. पडल्यानंतरचे फोटो चालणार नाहीत म्हणे. शेवटी 149 रुपयांना नवीन स्टिकर घ्या, डिलिव्हरीचे 60 वेगळे, असा सल्ला मिळाला. घेतले नाहीत. डब्यात दोन जादा स्टिकर होते, तेच लावून त्याच जागी रॅक पुन्हा चढवला. तोच आषाढात पडला.

इथपर्यंत माझं मत ठरलेलं होतं: एक स्टार, तोही अर्धाच देता येत नाही म्हणून. मग सकाळी उजेडात भिंत नीट बघितली. उजव्या भिंतीवरचा स्टिकर जागच्या जागी, नखाने उचकटायला गेले तर नख मोडलं. डावा स्टिकर रॅकबरोबर खाली आलेला. त्याच्या पाठीवर मधोमध एक पांढरट उभी रेघ, हाताला ओलसर. ती टाइल्सच्या सांध्याची रेघ होती. आमच्या टाइल्स जुन्या, 8 बाय 12च्या. डाव्या भिंतीला कोपऱ्यापासून पहिला सांधा बरोब्बर आठ इंचांवर. रॅकची बाजू साडेनऊ इंच, स्टिकर साडेसहा ते साडेनऊ. म्हणजे सांधा स्टिकरच्या पोटातून जात होता, आणि वरून येणारं पाणी त्या खाचेतून आरामात स्टिकरच्या मागे उतरत होतं. सेटमधला दुसरा रॅक ओट्याजवळ लावलाय. तिथे टाइल मोठी आहे, दोन्ही स्टिकर अख्ख्या टाइलवर बसलेत. तो दहा महिन्यांत तसूभर हलला नाही.

माझीही एक चूक कबूल करते. सूचनेत 24 तास वजन ठेवू नका, पाणी लागू देऊ नका असं होतं. मी रॅक लावला नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, आणि पहाटे चारला घरात अभ्यंगस्नानं सुरू. स्टिकर लावण्याआधी भिंत नुसती फडक्याने पुसली होती, स्पिरिटने नाही.

तरी डब्यावरच्या चित्राबद्दल मी ओरडणारच. त्यात रॅक एका गुळगुळीत, सलग, दुधासारख्या पांढऱ्या भिंतीवर लावलेला दाखवलाय. सांधा नाही, सांध्यात भरलेलं ग्राउट नाही. अशी मोरी मी आजवर कुणाच्या घरी पाहिलेली नाही. 24 तासांची सूचना मराठीसकट सात भाषांत आहे, पण सांध्यावर लावू नका हे एका भाषेत नाही. एक ओळ छापायला किती शाई लागते?

आता गंजाबद्दल. आल्या आल्या मी फ्रिजवरचं मॅग्नेट लावून पाहिलं होतं, चिकटलं नाही, म्हणून खूश झाले. शेजारचे काका ग्रिलचं काम करतात, ते हसले. 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला मॅग्नेट चिकटत नाही, पण स्वस्तातल्या 202लाही चिकटत नाही. 304मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 202मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, मोरीच्या ओलीत ते लवकर हरतं. आमच्या रॅकला जून महिन्यात वेल्डिंगच्या ठिपक्यांवर तांबूस डाग आले. डब्यावर नुसतं ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, एवढंच आहे, पुढे आकडाच नाही. घ्यायच्या आधी तो आकडा बघा.

सध्या रॅक दाराच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे दोन्हीकडे कापलेल्या टाइल्स बसवल्यात, सांधा पाच इंचांवर आणि मग थेट तेरावर, त्यामुळे स्टिकर सलग टाइलवर बसतो. नवीन दोन स्टिकर हार्डवेअरच्या दुकानात 40 रुपयांना मिळाले. भिंत स्पिरिटने पुसली, पूर्ण एक दिवस रॅक रिकामा ठेवला. पाच फुटांवर लावलाय, त्यामुळे मुलाचा हात पोचत नाही. जड बाटल्या आत, कोपऱ्याला टेकून. पुढच्या कडेला वजन आलं की स्टिकर वरच्या बाजूने सोलत येतो. गणपती आले, गेले, अजून पडलेला नाही. एकाचे तीन स्टार करते.

खरी जागा मात्र दुसरीकडेच मिळाली. मोरीची काचेच्या पट्ट्यांची खिडकी, तिला आतून लोखंडी ग्रिल. भांड्यांच्या दुकानातून 45 रुपयांच्या दोन प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्या आणल्या, 30 रुपयांचे एस हुक, आणि ग्रिलला टांगल्या. पाणी निथळतं, वारा लागतो, साबण विरघळत नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आपली वज्री आणि उटण्याची पुडी तिथे हलवली. तेलाची बाटली आता जमिनीवर, पिंपाच्या मागे.