चालणं की जोर-बैठका?

कंबर तलावाकाठी रोज झपझप चालावं, की तालमीत जाऊन जोर-बैठका माराव्यात? चाळिशी उलटलेल्या, दिवसभर गल्ल्यावर किंवा ऑफिसात बसून असणाऱ्या सोलापूरकराला वेळ एकाचाच असतो. घाम दोन्हीकडे गळतो, पण पेशींच्या आत घडतं ते वेगळं.

चालताना स्नायूंमधलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला रेणू, भराभर खर्च होतं. ऊर्जा उतरली की एएमपीके हे एन्झाइम जागं होतं. त्यामागोमाग पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन नवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, घडवणारी जनुकं चालू करतं. नियमित पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियांची ऊर्जा बनवण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्येच दाखवलं.

साखरेच्या बाबतीत तर गुण त्याच दिवशी येतो. एरवी इन्सुलिनने सांगितल्यावर ग्लूट-४ हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येऊन रक्तातली साखर आत घेतात. स्नायू हलू लागला की ते इन्सुलिनची वाट न पाहता येतात. म्हणून शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं तरी ही वाट उघडी असते. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. भाकरी खाऊन पंधरा मिनिटं चाललात तरी साखरेची उसळी कमी होते. व्यायामाचा हा असर एक-दोन दिवसांत ओसरतो, त्यामुळे फक्त रविवारी दोन तास चालून भागत नाही.

बैठकांमध्येही ग्लूट-४ हलतं, पण तिथला मुख्य खेळ एमटॉर या एन्झाइमचा. ताण पडला की ते नवी स्नायू-प्रथिनं बनवायला लावतो आणि ते काम पुढे दिवसभर तरी चालतं. त्याला कच्चा माल लागतो. नुसत्या भाकरी आणि शेंगाचटणीवर तो पुरत नाही, ताटात डाळ, दही, अंडी हवीत.

माझं मत सांगतो. साखर काठावर असेल तर आज जेवणानंतरच चालायला लागा. साठीकडे झुकला असाल आणि उठताना हाताचा टेकू लागत असेल, तर आधी बैठका, हव्या तर खुर्ची धरून. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा चालणं पहाटेच उरका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. जमलं तर तसंच करा. छातीत दुखत असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.