छोट्या शहराचा वीस वर्षांचा आराखडा: लोकांना विचारायचं कसं?

छोट्या शहराचा विकास आराखडा करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत 'लोकांनाही सोबत घेऊ' असं कोणीतरी म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. अडतं ते पुढे. नगररचनाकार एकच, तोही बाहेरून आणलेला. कर्मचारी दोघे-तिघे. हातात जेमतेम वर्षभर. अशा वेळी सगळ्याच पद्धती थोड्याथोड्या करून पाहिल्या तर एकही धड होत नाही. एक-दोनच निवडाव्या लागतात, आणि ती निवड ज्यांच्यावर येऊन पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

निवडीच्या आधी एका कागदावर लिहून काढा: आराखड्यातलं नेमकं काय अजून ठरायचं आहे? अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची नुसती बोळवण, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि शेवटी लोकांच्या हाती कारभार. किती बैठका झाल्या याला त्या शिडीवर काही किंमत नाही. निर्णयाचा किती वाटा लोकांच्या हाती आला, एवढंच तिथे मोजलं जातं. बाह्यवळण रस्त्याची आखणी वरच्या सरकारने आधीच पक्की केली असेल, तर तो प्रश्न लोकांपुढे 'मत द्या' म्हणून ठेवू नका. एकदा फसवणूक लक्षात आली की लोक पुढच्या बैठकीला येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जनसुनावणी बहुतेक ठिकाणी कायद्यानेच घ्यावी लागते, त्यामुळे ती घ्या. पण तिला सहभाग समजू नका. ती येते तोवर मसुदा छापून तयार असतो. लोकांच्या हाती उरते फक्त हरकत, आणि माइकपुढची दोन-तीन मिनिटं. शिवाय येतं कोण? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संशोधकांनी ९७ शहरं-गावांतल्या बैठकांची इतिवृत्तं तपासली. घरबांधणीच्या प्रस्तावांवर बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचं प्रमाण त्या गावांतल्या मतदारांच्या मानाने जास्त निघालं, आणि बोलणारे बहुतेक विरोधातच होते. भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, तान्ह्या मुलांच्या आया त्या खुर्च्यांवर फारशा दिसत नाहीत. आराखडा वीस वर्षांचा असतो. त्यात सर्वांत जास्त काळ जगणारी आज शाळेत जाणारी मुलं तर अजिबातच दिसत नाहीत.

सर्वेक्षण स्वस्त वाटतं. पण छोट्या शहराला इथे एक अडचण आहे जी फारशी कोणी सांगत नाही. लोकसंख्या कमी म्हणून नमुना त्याच प्रमाणात कमी होत नाही. दहा लाखांच्या शहरात पाच टक्क्यांच्या आतबाहेर अंदाज हवा असेल तर ३८५च्या आसपास उत्तरं लागतात. पाच हजारांच्या शहरातही साडेतीनशेच्या वर लागतातच, आणि तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांकडून. ऑनलाइन लिंक पाठवून आलेली चारशे उत्तरं म्हणजे ज्यांना द्यावीशी वाटली त्यांची उत्तरं. दुसरं, 'उद्यान हवं का?' म्हटलं की सगळे हो म्हणतात, कारण प्रश्नात किंमत नसते. म्हणून सर्वेक्षण मतांपेक्षा वस्तुस्थितीसाठी वापरा: कामाला कुठे जाता, कसे जाता, कशासाठी शहर सोडून बाहेर जावं लागतं. त्यासाठी ते उत्तम आहे.

माझा कौल नकाशाच्या टेबलाला. इंग्लंडमध्ये टोनी गिब्सन यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत घडवली. टेबलावर नकाशासारखी परिसराची प्रतिकृती मांडायची, तीही सुट्या भागांत, म्हणजे उचलून शाळेत, दवाखान्यात, बाजारात नेता येईल. शेजारी सूचनांची छोटी कार्डं: दिवा, रस्ता ओलांडायचे पट्टे, बाक, घरं, झाडं, आणि काही कोरी. लोक येतात, आधी स्वतःचं घर शोधतात, मग कार्ड उचलून जागेवर ठेवतात. बोलावं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. सभेत तोंड न उघडणारी माणसं इथे चार-चार कार्डं ठेवून जातात. नंतर तीच कार्डं 'आत्ता', 'लवकर', 'पुढे' अशा तीन गटांत लावली की प्राधान्यक्रमावर चर्चा आपोआप सुरू होते, आणि ती आवाजांपेक्षा कार्डांभोवती फिरते.

अशा एका टेबलाशी मी उभी होते. नकाशावर ओढा सरळ रेषेत काढलेला होता. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी निळा धागा उचलला आणि ओढ्यापासून दूर, घरांच्या एका रांगेमागून वळवून ठेवला. म्हणाले, "पाणी चढलं की ते इथून जातं." त्या पट्ट्यावर मसुद्यात नवी घरं दाखवली होती. सुनावणीत तीन मिनिटांत हे कळलं नसतं, कारण त्यांना ते बोलून सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

या पद्धतीचे तोटेही आहेत. कार्डं शेकड्यांनी जमतात, आणि ती नोंदवणं, जुळवणं हे कंटाळवाणं, वेळखाऊ काम कोणाला तरी नेमूनच करावं लागतं. लोक आजच्या खड्ड्यांत अडकतात. टेबलाशी उभ्या असलेल्याने वारंवार विचारावं लागतं, 'तुमची मुलगी तीस वर्षांची होईल तेव्हा?' आणि पैसे कुठून येणार, याचं उत्तर कार्डं देत नाहीत.

ते उत्तर सोडतीने निवडलेल्या गटाकडून मिळू शकतं. जर्मनीत पेटर डिनेल आणि अमेरिकेत नेड क्रॉस्बी यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना स्वतंत्रपणे घडवली. डिनेल यांच्या गटात साधारण २५ माणसं असत. काही दिवस एकत्र बसायचं, तज्ज्ञांना प्रश्न विचारायचे, बुडालेल्या रोजगाराचा मोबदला घ्यायचा, शेवटी शिफारस लिहायची. मेलबर्न शहराने २०१४ साली ४३ जणांच्या अशा गटापुढे दहा वर्षांची आर्थिक योजना ठेवली आणि हिशेब खुले केले. इतर शिफारशींबरोबर गटाने मालमत्ता कर वाढवण्याची शिफारस केली. निवडणुकीला उभं राहणारं कोणी हे सहसा आपण होऊन बोलत नाही. पण छोट्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून सूत्रसंचालक बाहेरचाच हवा, सोडत सर्वांसमोर काढायला हवी, आणि भाडेकरू-मालक, तरुण-वृद्ध यांचं प्रमाण आधी ठरवायला हवं. शहर ज्या एका प्रश्नावर दोन तट पडून भांडतंय, त्याच्यासाठीच ही पद्धत राखून ठेवा.

शॅरेट नावाची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात आराखडाकार चार ते सात दिवस शहरातच मुक्काम ठोकतात, दिवसा काढलेलं संध्याकाळी दाखवतात, सुधारतात, पुन्हा दाखवतात. खर्च मोठा. जुन्या मुख्य रस्त्यासारख्या एखाद्या तुकड्यासाठी फार चांगली, अख्ख्या शहरासाठी नाही. सल्लागार समितीबद्दल थोडक्यात: कामात सातत्य राहावं म्हणून नेमा, लोकांचं प्रतिनिधित्व म्हणून नको.

ग्रीन्सबर्गचं उदाहरण पुष्कळ दिलं जातं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं सुमारे १,४०० वस्तीचं ते शहर ४ मे २००७च्या टोर्नेडोत जवळजवळ पूर्ण भुईसपाट झालं. लोक मोठ्या तंबूत जमून पुढचं ठरवू लागले, आणि पालिकेने आपल्या मोठ्या इमारती पर्यावरणाच्या सर्वोच्च मानकानुसार बांधायचा ठराव केला. मला त्या लोकांबद्दल अपार आदर आहे. पण तिथे घरंच उरली नव्हती, म्हणून माणसं तंबूत आली. तुमच्या शहरात लोकांची घरं शाबूत आहेत आणि संध्याकाळी त्यांना घरी परतायचं आहे. तुम्हालाच त्यांच्याकडे जावं लागेल.

पैसे एकाच पद्धतीपुरते असतील तर नकाशाचं टेबल घ्या, मसुदा लिहायला बसण्याआधी. थोडे जास्त असतील तर एका वादाच्या प्रश्नासाठी सोडतीचा गट. आणि दोन्ही बाबतीत मसुदा झाला की टेबल त्याच जागी परत न्या, कोणत्या सूचनेचं काय झालं आणि का, याची यादी सोबत लावून.

आमचं टेबल परत गेलं तेव्हा ते गृहस्थ पुन्हा आले. निळ्या धाग्याच्या जागी आता बांधकाम वर्ज्य असलेला पट्टा होता. त्यांनी बोटाने घरं मोजली आणि म्हणाले, "अजून दोन घरं पलीकडे." नगररचनाकाराने तिथेच पेन्सिल काढली.