व्हाइटटेल हरणासाठी कुठली गोळी घ्यायची? साधी सॉफ्ट पॉइंट, टिपवाली, बाँडेड की तांब्याची

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंदच, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या मंडळींसाठी, म्हणजे जे पेन्सिल्व्हेनिया-विस्कॉन्सिनकडे राहतात आणि ऑफिसातल्या कुणाच्या नादाने यंदा नोव्हेंबरात हरणाला जायचं म्हणतायत. एच-वन-बी वाले असाल तर आधी हंटिंग लायसन्स काढा, कारण त्या व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूकच काय गोळ्यासुद्धा जवळ ठेवता येत नाहीत, वैध लायसन्स असलं की सूट मिळते.

रायफल कुठल्या कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या मापाची घ्यायची, .२४३, .२७०, .३०८ की ६.५ क्रीडमूर, यावर लोक तासन् तास भांडतात. भांडू देत. यातल्या कशानेही हरीण पडतं. खरा घोळ दुकानात होतो, एकट्या .३०८ चेच इतके बॉक्स समोर असतात की माणूस स्वस्त बघून उचलतो. फक्त एफएमजे (फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत धातूचं कवच असलेली) उचलू नका, ती गोळी न पसरता आरपार जाते, जनावर जखमी होऊन लांब पळतं आणि बऱ्याच राज्यांत हरणाला ती चालतच नाही.

साधी सॉफ्ट पॉइंट म्हणजे तांब्याच्या कवचात शिसं आणि टोकाला शिसं उघडं, आत शिरली की अळंबीसारखी पसरते. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून चालू आहे, फेडरलची पॉवर-शॉक त्याच जातीची. जंगलात दीडशे यार्डाच्या आतच बहुतेक शॉट मिळतो, तिथे .३०८ मधली १५० ग्रेन वजनाची (जेमतेम १० ग्रॅम) सॉफ्ट पॉइंट फासळ्यांतून फुप्फुसात गेली की काम झालं, यापेक्षा भारी काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

टिपवाल्या, म्हणजे हॉर्नडी एसएसटी, नॉस्लर बॅलिस्टिक टिप वगैरे. टोकाला प्लास्टिक, लांबवर छान जातात, मोकळ्या शेतात अडीचशे यार्डावर मस्तच, पण पन्नास यार्डावर खांद्याच्या हाडावर बसली तर गोळीचे तुकडे तुकडे होतात आणि कातडं काढल्यावर पुढचा अख्खा खांदा जांभळा, रक्ताच्या जेलीने भरलेला दिसतो, तेवढं मटण फेकायचंच. बाँडेडमध्ये (फेडरल फ्यूजन, नॉस्लर अ‍ॅक्युबाँड) शिसं कवचाला चिकटवलेलं असतं म्हणून गोळी फुटत नाही, हाड फोडून पुढे जाते. फ्यूजन त्यातल्या त्यात परवडते.

आता तांब्याची, बार्न्स टीटीएसएक्स, हॉर्नडी सीएक्स. शिसं अजिबात नाही, टोक पाकळ्यांसारखं उघडतं, वजन जवळपास सगळं टिकतं. हिला वेग लागतो पण, साधारण २००० फूट प्रति सेकंदाच्या खाली उघडेलच असं नाही, म्हणून एक पायरी हलकी घ्यायची, .३०८ ला १५० ऐवजी १३० ग्रेन. किंमत साध्या बॉक्सच्या दुपटीच्या आसपास. कॅलिफोर्नियात तर प्रश्नच नाही, १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद.

आणि मला वाटतं निवड इथेच ठरते, की मटण कोण खाणार. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले, तो खिमा परत घ्यावा लागला, आणि गरोदर बायका आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण खाऊ नये असं तिथल्या आरोग्य खात्याने सांगितलं. त्याच वर्षी मिनेसोटात तपासणी झाली तर कण जखमेपासून एक फुटाहूनही लांब गेलेले निघाले, आणि पाण्याने धुतल्यावर शिसं उलट दुसरीकडे पसरलं. कण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. म्हणजे घरी लहान पोरं असतील, आणि आपल्या लोकांच्या घरी तर हरणाचा खिमाच जास्त होतो, तर बाँडेड-बिंडेडच्या नादी न लागता सरळ तांबं घ्या. सीझनला एखादं हरीण मारणाऱ्याला एक-दोन बॉक्सचे जास्तीचे डॉलर जड नाहीत. घरी पोरं नाहीत आणि जंगलातच बसणार? मग कोअर-लॉक्ट, आणि जखमेभोवतीचं मटण हात आखडता न घेता कापून टाका. टिपवाली मी तरी फक्त मोकळ्या शेतासाठी घेईन.

दोन अपवाद. कुणी जुनी .३०-३० लिव्हर अ‍ॅक्शन (खालचा दांडा ओढून पुढची गोळी चढवायची रायफल) दिली असेल तर टोकदार गोळी अजिबात घालू नका, नळीच्या मॅगझिनमध्ये एकीचं टोक पुढचीच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठोकर बसली की पेटणाऱ्या टिकलीवर) टेकतं, चपट्या टोकाची घ्या नाहीतर हॉर्नडीची मऊ टिपवाली लेव्हरेव्होल्यूशन. आणि ओहायोत .३०८ चालतच नाही, तिथे रायफलीला सरळ भिंतीची, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणारी काडतुसं लागतात, .३५० लेजंड वगैरे.

जी ठरेल तिचे दोन-तीन बॉक्स एकदमच घ्या, ऑक्टोबरअखेर शेल्फ रिकामे होतात आणि ब्रँड किंवा वजन बदललं की शंभर यार्डावरच गोळी दोन-तीन इंच इकडे तिकडे बसू शकते, मग रेंजवर जाऊन स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) नेम परत लावत बसा.