घरगुती ड्रिल संच : सहा महिन्यांच्या वापरानंतर
नव्या घरातील फळ्या आणि पडद्यांचे दांडे स्वतःच बसवायचे असे ठरवून मी १३ मिमी चकचे (बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, पकडणाऱ्या जबड्याचे), विजेवर चालणारे इम्पॅक्ट ड्रिल (फिरता फिरता ठोकेही मारणारे) संचासह घेतले, आणि सुताराच्या मागे लागण्याचा त्रास त्याने जवळजवळ संपवला. विटांच्या भिंतीत ६ मिमीच्या बिटने भोक पाडायला फारसा वेळ लागत नाही. गिलावा संपून लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली हे कळते, पण राखाडी भुकटीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेनासे झाले, तर तिथे काँक्रीट आहे असे समजून थांबत थांबत काम करावे. टाइलवर मात्र इम्पॅक्टचा, म्हणजे ठोक्यांचा, खटका बंद ठेवून, खुणेवर चिकटपट्टी लावून सावकाश सुरुवात करावी, नाहीतर बिट घसरते आणि टाइल तडकते.

संचातील इतर साहित्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सोबतच्या गिट्ट्या (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायच्या नळ्या) इतक्या ठिसूळ होत्या की पहिली फळी पिठाच्या डब्यांच्या वजनाने दोनच दिवसांत पुढे झुकली. हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनच्या चांगल्या गिट्ट्या आणल्यावरच ती पक्की बसली. फळी आडवी सरळ आहे की नाही हे पाहायची पाणसळही वेगळी घ्यावी लागते. तरीही नवशिक्यांनी हे ड्रिल अवश्य घ्यावे. फक्त काम करताना डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण विजेच्या तारांच्या नळ्या बहुधा तिथूनच जातात.